मापाची चटई

आल्डेवेअर,
४ नोव्हेंबर २०१८

प्रिय रिन्से,

तू आणि मार्लिस दोघं बरे असाल. माझे गुडघे होते तसेच आहेत, म्हणजे कुरकुरतात पण चालतात. तुझ्या वाढदिवसाला कार्ड टाकलं होतं, ते पोचलं असावं. तू माझ्या वाढदिवसाला टाकलंस तेही पोचलं. संडासात टांगलेल्या वाढदिवसांच्या कॅलेंडरवर नावं लिहून ठेवलेली असतात म्हणून आपण भावंडं एकमेकांना विसरत नाही, इतकंच. सहा वर्षांत त्यापलीकडे एक अक्षर नाही, तेव्हा हे पाकीट हाताला जड लागलं तर घाबरू नकोस. कोणी मेलेलं नाही.

पूल आता माणसाशिवाय चालतो. दूर कुठेतरी बसलेली एक मुलगी कॅमेऱ्यात बघून बटण दाबते आणि आपला पूल उघडतो. मी एकतीस वर्षं तिथे उभी राहून गळाच्या काठीला लाकडी बूट बांधून होड्यांपुढे सोडत असे आणि लोक त्यात पुलाच्या टोलाची नाणी टाकत, हे त्या मुलीला कोणी सांगितलं तर तिला थट्टा वाटेल. परवा एक होडी वीस मिनिटं ताटकळली. मी खिडकीतून मजेत बघत होते. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

आज सकाळी लोण्याच्या जुन्या कारखान्यामागच्या कालव्यावर गेले होते. रात्री पहिल्यांदा गोठलं होतं, गवत बुटाखाली कुरकुर वाजत होतं. पाणी निवळलंय, काठाशी तळ दिसतो. पिवळा रबरी मासा लावला, तिसरी फेक लव्हाळ्याच्या कडेला टाकली, हळू ओढला, जरा थांबवला, पुन्हा ओढला. थांबवला की घेतात, हे तुला मी सांगायला नको. काठीला असा धक्का बसला की माझा चहाचा थर्मास लवंडला. पाईक मासळी, एकाहत्तर सेंटीमीटर. चिमट्याने गळ सोडवला, पाण्यात शेपटीपाशी धरून उभी राहिले, तर पाईकबाईंनी दम घेतला आणि माझ्या तोंडावर चिखल उडवून निघून गेल्या. घरी येईपर्यंत हसत होते.

शेजारचा हेसेल तुला आठवतो ना? अजून दोरीपुढे पोलादी तार लावत नाही. पाईकने दातांनी दोरी कापली की आमिषही गेलं आणि मासाही. मी म्हटलं, "तुझ्या चिक्कूपणापायी बिचाऱ्याच्या जबड्यात गळ सडतोय." तर म्हणतो, "बाउके, तू चर्चमध्ये प्रवचनं द्यायला हवी होतीस." मी म्हटलं, "दिली असती, पण तू पहिल्या बाकावर घोरला असतास."

आता खरी गोष्ट. आपल्या मासेमारी क्लबचं कॅन्टीन पाडून नवं बांधणार आहेत. मीटरभर किंवा त्याहून लांब पाईक पकडणाऱ्यांचा तो हिरवा बोर्ड खाली काढून पेंटरकडून पुन्हा रंगवून घ्यायचाय. सेक्रेटरी व्हीगरने सगळ्यांना कळवलंय, जुन्या नोंदींत काही चूक राहिली असेल तर जानेवारीच्या सभेत सांगा, त्यानंतर बोर्ड कायमचा.

तुझा तो मासा. २७ ऑक्टोबर २०१२, पुलाच्या वळणावर, बाबांनी आईचा वाढायचा डाव ठोकून केलेल्या तांब्याच्या आमिषावर. मी साक्षीदार होते, मी बाबांच्या मापाच्या चटईवर तिला मोजलं, नव्व्याण्णव भरली, म्हणून मी सही केली नाही. त्यावरून आपलं जे झालं ते झालं.

तर सांगायचं असं की माळा आवरताना ती चटई हाताला लागली. सहज म्हणून पोलादी टेप लावला. चटई ताणली गेली आहे, रिन्से. तिच्यावरचा शंभराचा आकडा टेपवर एकशे एक आणि अर्ध्यावर येतो. रेक्झिन ओलं असताना खिळ्याला टांगलं आणि खाली काठी शिवलेली असली की वर्षानुवर्षांत लांबणारच. म्हणजे तुझी पाईकबाई शंभर आणि वर अर्धा सेंटीमीटर होती. मी डोळ्यांना दिसलं ते सांगितलं होतं, पण चटईच खोटं बोलत होती.

सभेत सांगेन म्हणते. तुझी हरकत नसेल तर कळव.

तुझी बहीण,
बाउके

*

आल्डेवेअर,
२५ नोव्हेंबर २०१८

प्रिय रिन्से,

तुझं कार्ड मिळालं. पुढे गाय, मागे एक ओळ. गाय छान आहे.

"चटई माळ्यावर कशी गेली?"

सहा वर्षांनी लिहिलेलं पहिलं वाक्य आणि त्यातही प्रश्न. मार्लिसने नमस्कार सांगितलाय, असंही नाही. मला राग आला. दोन दिवस कार्ड ब्रेडच्या डब्यामागे टाकून दिलं. मग काढलं, कारण चटई कुठे टांगलेली असायची हे जगात आपल्या दोघांनाच माहीत आहे. शेडमध्ये, दाराच्या डाव्या हाताला, बाबांच्या खिळ्यावर. माळ्यावर ती आपण होऊन चढत नाही.

पाऊस सुरू आहे. गेल्या रविवारी हेसेलबरोबर शाळेमागच्या चरावर गेले होते, काही लागलं नाही. हेसेलने तार लावली होती, हे मात्र तुला सांगायला हवं. माझ्यासमोर खिशातून काढून दाखवली, पोराने आईला गृहपाठ दाखवावा तशी. मी वाटाण्याचं घट्ट सूप नेलं होतं, डाव उभा राहील असं. त्याने तीन वाट्या खाल्ल्या आणि म्हणाला, "तुझ्या आईच्या हातची चव आहे." मी म्हटलं, "माझ्या आईच्या सूपला तू नावं ठेवायचास." म्हणाला, "म्हणूनच आठवतं."

हे बघ, ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही.

त्या दिवशी मी खोटं बोलले नाही. हे आधी लिहिते, कारण तेवढंच माझ्या बाजूचं आहे. ओली चटई गवतावर पसरली, तू तिला कल्ल्याखाली हात घालून अलगद ठेवलंस, नाक पट्टीला टेकवलंस, आणि मी शेपटीकडे वाकून बघितलं. नव्व्याण्णव. तू म्हणालास, "पुन्हा बघ." मी पुन्हा बघितलं. तू म्हणालास, "गाडीत टेप आहे, बाउके, एक मिनिट." आणि मी काय म्हटलं?

"मासा आधी, माणूस नंतर."

बाबांचं वाक्य. ते म्हटलं की तू ऐकतोस हे मला ठाऊक होतं. तिला पाण्याबाहेर काढून मिनिट झालं होतं, कल्ले हलत होते, सोडायलाच हवं होतं, हे सगळं खरं. पण गाडी वीस पावलांवर होती आणि तू पळणारा माणूस. मला टेप नको होता, रिन्से. तू तिला सोडलंस. मासा पाण्यात गेला की पुरावाही त्याच्याबरोबर पोहून जातो, मागे उरतो तो साक्षीदाराचा शब्द. माझा.

संध्याकाळी कॅन्टीनमध्ये तू कोपऱ्यात बसला होतास आणि मी सगळ्यांना सांगत होते. कोणी विचारलं, "किती?" मी ओरडून म्हटलं, "विचारा नव्व्याण्णवला." लोक हसले. तूही हसलास, सुरुवातीला. मग ते तुझं नावच झालं. बेकरीत, पेट्रोलपंपावर, चर्चच्या दारात. "काय रे नव्व्याण्णव." एका सेंटीमीटरचं कोणी मनावर घेत नाही. रोज कोणी ते तोंडावर मारलं तर माणूस गाव सोडतो. तू सायकलचं दुकान थेट देशाच्या दुसऱ्या टोकाला, लिम्बर्गला नेलंस, जिथे टेकड्या आहेत आणि कालव्यांचं नाव नाही. लोक म्हणाले, मार्लिसचं माहेर तिकडे आहे म्हणून गेला. मीही तेच म्हणत असे.

आता पुढचं. ११ नोव्हेंबरला, म्हणजे तुझ्या माशानंतर पंधरा दिवसांनी, सेंट मार्टिनच्या सणाची पोरं कंदील घेऊन दारात गाणी म्हणायला येणार होती. त्यांच्यासाठी गोळ्यांचा डबा शोधायला मी दुपारी शेडमध्ये गेले. चटई समोरच टांगलेली. तू मला कितीदा सांगितलं होतंस, ओली टांगू नकोस, गुंडाळून ठेव. मी म्हणायचे, बाबा टांगत. बाबा ती वाळवून टांगत, मी ओलीच टांगायचे. टेपही तिथेच होता. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. मी चटई मोजली, शंभराला दीड सेंटीमीटर जास्त.

म्हणजे मला सहा वर्षं माहीत आहे. गेल्या महिन्यात नाही. चटई मीच माळ्यावर नेली, जुन्या पडद्यांत गुंडाळून, आणि मूग गिळून बसले. तू तेव्हा अजून गावात होतास. दुकानाचं सामान बांधायला तुला वसंत ऋतू उजाडला. रोज पुलावरून सायकलने जायचास आणि मी वरून हात करायचे.

का, ते विचारशील. मी त्याची पुष्कळ कारणं शोधली. खरं इतकंच की बाबा जन्मभर काठावर उभे राहिले आणि त्यांचा सगळ्यात मोठा मासा सत्त्याण्णव. आपल्या घरातलं बोर्डावरचं एकच नाव माझं, १९९८, एकशे चार. पुलावरची बाई, क्लबात चारच बायका, आणि त्यांतल्या एकीचं नाव पितळी खिळ्यांखाली. मी कॅन्टीनमध्ये गेले की आधी त्या ओळीकडे बघायचे, मग कॉफी मागायचे. तुझं नाव तिच्याखाली आलं असतं तर माझं काही कमी झालं नसतं. पण मला तसं वाटलं नाही. मला वाटलं, रिन्सेला बायको आहे, दुकान आहे, लोक त्याच्यावर माया करतात, हे तरी माझ्याकडे राहू दे. लिहिल्यावर किती लहान दिसतं बघ.

मला तुझी आठवण येते. काठावर उजवीकडे कोणी नसतं.

तुला शिव्या घालायच्या असतील तर पाकिटातून घाल, कार्डावर मावणार नाहीत.

बाउके

*

आल्डेवेअर,
२० जानेवारी २०१९

प्रिय रिन्से,

पार्सल मिळालं, नाताळच्या आदल्या दिवशी. चिठ्ठी शोधून शोधून दमले, खोका उलटा केला, कागद उलगडले. चिठ्ठी नव्हती. पोलादी टेप, पाच मीटरचा, नवा, आणि बाजूला तुमच्याकडच्या त्या गोड पायचा, जर्दाळूच्या व्लाईचा, अर्धा भाग, पोस्टवाल्यांनी चेपलेला. मी स्वयंपाकघरात बसून टेप ओढला, सोडला, ओढला, सोडला, आणि इतकी हसले की डोळ्यांतून पाणी आलं. मग नुसतं पाणीच आलं. व्लाई चमच्याने खाल्ली. मार्लिसने केली असणार, तुला कणीक मळता येत नाही.

काल सभा झाली. कॅन्टीनमध्ये शेवटची, भिंतीवरची चित्रंही काढलीत. तीसएक लोक होते. व्हीगरने विचारलं, "बोर्डाबद्दल कुणाला काही?" मी उभी राहिले. गुडघा कट्ट वाजला, मागचे हसले.

मी चटई नेली होती. टेबलावर पसरली, तुझा टेप तिच्यावर ठेवला आणि म्हटलं, "येऊन बघा." सगळे उठून आले. व्हीगरने वाकून वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. हेसेल म्हणाला, "म्हणजे नव्व्याण्णव हा शंभरच होता की." मी म्हटलं, "शंभर आणि अर्धा. आणि त्याचं नाव रिन्से आहे."

कोणी हसलं नाही. मग मी पुढचं सांगितलं. ११ नोव्हेंबर २०१२, माळा, पडदे. तुला लिहिलं तसंच, फक्त माझ्या मनातलं थोडं कमी, कारण तिथे बेकरीवालाही बसला होता. बोलून झाल्यावर कोणीतरी कॉफीचा कप बशीत ठेवला तो आवाज मला अजून ऐकू येतोय.

व्हीगर तरुण आहे, चांगला आहे. म्हणाला, "बाउकेबाई, रिन्सेचं नाव लिहू. तुम्ही साक्षीदार म्हणून आता सही करा, तारीख तेव्हाची घालू. विषय संपला."

मी म्हटलं, "नियम नऊ वाच."

तो वाचेना. त्याला माहीत होतं काय आहे ते. मग मीच पाठ म्हणून दाखवला, कारण तो बाबांनी सेक्रेटरी असताना घातला होता आणि आपल्या स्वयंपाकघराच्या टेबलावर लिहिला होता, तू तेव्हा टेबलाखाली खेळत होतास. मापाच्या बाबतीत खोटी साक्ष देणाऱ्याची स्वतःची नोंद बोर्डावरून काढली जाईल.

व्हीगर म्हणाला, "पण त्या दिवशी तुम्ही खोटं बोलला नव्हता. चटई चुकली. नियम लागत नाही."

"पंधरा दिवसांनंतर रोज बोलले," मी म्हटलं. "न बोलून."

यावर वाद झाला. हेसेल माझ्या बाजूने, म्हणजे माझ्याविरुद्ध माझ्या बाजूने. म्हणाला, "एकशे चारची पाईक मी स्वतः मोजली होती. बाउकेचं नाव काढाल तर माझी साक्षही खोटी ठरेल." म्हाताऱ्या खेरब्रिखबाई म्हणाल्या, "अरे, ती काढा म्हणतेय तर काढा. बाईला एवढं तरी मनासारखं करू द्या." तेव्हा हशा पिकला आणि मला बसायला मिळालं.

हात वर करून मतं घेतली. पेंटर बोर्ड नेणार तेव्हा माझी ओळ पुसेल आणि २०१२ च्या जागी तुझी लिहील. आपल्या घराण्याचं बोर्डावर एकच नाव आहे, रिन्से, आणि ते तुझं आहे.

मला वाटलं होतं, रात्री रडेन. नाही रडले. बीअरनबुर्ग दारूचा एक छोटा ग्लास घेतला आणि शांत झोपले. सकाळी उठून पुलाच्या वळणावर गेले, काठाला पातळ बर्फ होतं, मधलं पाणी मोकळं. काही लागलं नाही. मी माझ्या त्या एकशे चारच्या बाईंचा विचार करत होते. वीस वर्षं झाली, त्या कधीच्या गेल्या असतील. पण माझ्या हातांना त्या आठवतात, आणि हातांवर पेंटर रंग मारू शकत नाही. मी खुशीत आहे. तुला हे खरं वाटणार नाही, पण आहे.

परत येताना बेकरीत साखरेचा पाव घेतला. बेकरीवाल्याने पैसे घेता घेता विचारलं, "रिन्से कसा आहे?" सहा वर्षांत पहिल्यांदा त्याने तुझं नाव घेतलं. मी म्हटलं, "त्यालाच विचार, येणार आहे."

तेव्हा आता यायलाच लागेल. मी तुझ्यातर्फे शब्द दिलाय आणि माझ्या शब्दाची गावात सध्या जरा पडती बाजू आहे, आणखी पाडू नकोस. मार्चअखेरीला खोटी आमिषं पाण्यात टाकायला बंदी होते, त्याआधी ये. मार्लिसला आण, वरची खोली तापवून ठेवते. बाबांचं तांब्याचं आमिष मी घासून चकचकीत केलंय, नवे गळ लावलेत, पुढे पोलादी तार. ते तुझं आहे, ते मी वापरत नाही.

चटई गुंडाळून ठेवलीय, टांगली नाही. तिच्यावर आता फक्त मासा ठेवायचा. मोजायचं तुझ्या टेपने. तू तिला कल्ल्याखाली धर, मी शेपटीकडे वाकते, आणि तू "पुन्हा बघ" म्हणालास की पुन्हा बघेन, आणि टेप गाडीत राहिला असेल तर मी पळत जाऊन आणेन, गुडघे गेले खड्ड्यात.

उजवीकडची जागा मोकळी आहे.

तुझी साक्षीदार,
बाउके